चाचणी कुठे मिळेल?

शिक्षणशास्त्र किंवा मानसशास्त्र विभागात संशोधनाच्या हंगामात सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न विषयाबद्दल नसतो. ‘टूल मिळालं का?’ हा तो प्रश्न. विद्यार्थी मार्गदर्शकांना विचारतो, मार्गदर्शक ग्रंथपालांकडे पाठवतात आणि ग्रंथपाल मागच्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थिनीचा नंबर देतात. तिच्याकडे अध्ययन सवयींच्या चाचणीची झेरॉक्स असते. त्या झेरॉक्सची झेरॉक्स निघते. तीच प्रत पुढे तीन महाविद्यालयांत फिरते, कोपऱ्यातला प्रकाशकाचा शिक्का दर खेपेला थोडा पुसट होत जातो, आणि निष्कर्षांच्या प्रकरणात मात्र सहसंबंध गुणक दोन दशांश स्थळांपर्यंत अचूक छापला जातो.

यावर हसणे सोपे आहे. पण त्या विद्यार्थ्याच्या जागी उभे राहून पाहिले तर त्याची अडचण खरी आहे. एम.एड. आता दोन वर्षांचे झाले असले तरी तासिका, शाळेतले काम आणि सत्र परीक्षा वजा जाता लघुशोधप्रबंधाच्या वाट्याला काही महिनेच येतात. मापनी नीट घडवायची म्हणजे शे-दीडशे विधाने लिहायची, तज्ज्ञांना दाखवायची, निम्मी गाळायची, लहान गटावर वापरून पाहायची, एकेका पदाचे विश्लेषण करायचे, पुन्हा गाळायची, मग मोठ्या गटावर वापरून विश्वसनीयता आणि सप्रमाणता तपासायची, आणि शेवटी मानके तयार करायची. एवढे काम म्हणजे स्वतंत्र पीएच.डी. झाली. तयार चाचणी शोधणे हा म्हणून आळस मानता येत नाही. शिवाय दोन संशोधकांनी एकाच चाचणीने मोजले तरच त्यांच्या निष्कर्षांची तुलना होऊ शकते. प्रत्येकाने आपापली फूटपट्टी घडवली तर ज्ञान साचत नाही.

तरी या शोधात एक गोम आहे. चाचणी आधी आणि विषय नंतर, असा क्रम लागला की संशोधन चाचणीच्या मापाने बेतले जाते. समायोजन, आत्मसंकल्पना, भावनिक बुद्धिमत्ता, अध्ययन सवयी, परीक्षेची चिंता हे विषय आपल्या ग्रंथालयांत वर्षानुवर्षे का दिसतात? त्यांची तयार मापने बाजारात आहेत, हे त्याचे मोठे कारण. समजा, एखाद्या शिक्षिकेला ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांचा अभ्यास करायचा आहे. दिवाळीच्या सुमाराला वर्गातून उठलेले मूल उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येते तेव्हा त्याच्या वाचनाचे, मैत्रीचे, शाळेबद्दलच्या विश्वासाचे काय झालेले असते, हा तिचा प्रश्न. त्यासाठी तयार चाचणी मिळत नाही. मग शहरी माध्यमिक शाळांतल्या मुलांसाठी केलेली समायोजन चाचणी या मुलांपुढे ठेवली जाते, गुण कमी येतात, आणि ‘स्थलांतरित मुलांचे समायोजन निम्न स्तराचे आहे’ असा निष्कर्ष निघतो. तिने विचारलेला प्रश्न यात कुठेच उरलेला नाही.

तेव्हा तयार चाचणी की स्वतः केलेली, हा वाद वरवर दिसतो तितका सरळ नाही. मिळालेली चाचणी कोणाच्या मुलांवर तयार झाली, केव्हा झाली आणि ती वापरण्याचा आपल्याला हक्क आहे का, हे त्याच्यामागोमाग येणारे प्रश्न अधिक अवघड आहेत.

‘केव्हा’पासून सुरुवात करू, कारण मराठी मुलखात त्याचे एक मोठे उदाहरण आहे. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये बुद्धिमापनाची पहिली व्यवहार्य श्रेणी केली. तिचे भारतीय रूपांतर धारवाडच्या वि. वि. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी १९३४ मध्ये केले. १९४० मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढले. त्या काळात हे काम विलक्षण होते. परदेशातली चाचणी जशीच्या तशी न उचलता ती इथल्या मुलांवर वापरून, प्रश्न बदलून, वयोगटांप्रमाणे पुन्हा लावून कामतांनी ती उभी केली. बिने-कामत चाचणी या नावाने ती देशभर गेली. शेवटची महत्त्वाची आवृत्ती १९६७ ची. आणि आजही अनेक दवाखान्यांत, बालमार्गदर्शन केंद्रांत आणि शोधप्रबंधांत ती वापरली जाते.

दुसरे उदाहरण नागपूरचे. तिथे आर्थर मॅलिन यांनी वेक्सलर यांनी मुलांसाठी केलेल्या बुद्धिचाचणीचे भारतीय रूपांतर केले. ते १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. मिसिक या आद्याक्षरी नावाने ती चाचणी ओळखली जाते. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र देण्याविषयी केंद्र सरकारने २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत बुद्धिमापनासाठी ज्या चाचण्यांचा उल्लेख होता त्यांत मिसिक होती. तिच्यात मुलाचा बुद्ध्यंक ८५ च्या वर आला तरच पुढे निम्हान्स या संस्थेची खास चाचणीमाला घ्यायची, असा तो क्रम होता. म्हणजे १९६९ मधल्या मोजपट्टीवर एकविसाव्या शतकातले मूल दाराच्या आत की बाहेर, हे ठरत होते.

इतक्या जुन्या मानकांनी काय बिघडते? न्यूझीलंडमध्ये शिकवणाऱ्या जेम्स फ्लिन यांनी १९८४ आणि १९८७ मध्ये दाखवून दिले की अनेक देशांत पिढी दर पिढी लोक त्याच चाचणीवर अधिक गुण मिळवत गेले, अमेरिकेत दर दशकाला सुमारे तीन. ही वाढ आपल्याकडेही थोडीफार झाली असेल तर जुन्या मानकांवर आजच्या मुलाचा बुद्ध्यंक फुगून येणार. त्याचा परिणाम मात्र सगळ्यांवर सारखा होत नाही. ज्या मुलाला बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र हवे आहे त्याचे गुण ७० च्या वर सरकतात आणि त्याची सवलत हुकते. ज्याला अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र हवे आहे तो मात्र ८५ चा उंबरठा सहज ओलांडतो. एकाच जुनेपणाचा एकाला फायदा, दुसऱ्याला तोटा. किराणा दुकानदाराच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का ठराविक काळाने नव्याने मारून घ्यावा लागतो. मुलाच्या बुद्धीच्या काट्याला तेवढाही नियम लागू नाही.

म्हणून कामत आणि मॅलिन यांना निवृत्त करा, असे म्हणणारे बरेच आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण उलट बाजूही ऐकली पाहिजे. ज्या मानसतज्ज्ञाने वीस वर्षे बिने-कामत वापरली आहे, त्याला एखाद्या प्रश्नावर मूल कसे थबकते, कुठे अंदाज मारते, कुठे दमते, याचे ज्ञान झालेले असते. आकड्यापेक्षा त्या निरीक्षणाची किंमत कधी कधी जास्त असते. नव्या परदेशी संचांचा खर्च जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाच्या वर्षाच्या खरेदीत बसत नाही. आणि नवे असले म्हणजे आपल्या मुलांचे असते असेही नाही. भारतीय मानके म्हणून जे विकले जाते ते बहुधा मोठ्या शहरांतल्या, बऱ्याचदा इंग्रजी माध्यमाच्या मुलांवर आधारलेले असते. गडचिरोलीतल्या मुलाच्या दृष्टीने तेही परकेच.

संशोधकाला यातून एक मार्ग काढता येतो, जो दवाखान्यातल्या मानसतज्ज्ञाला मोकळा नाही. प्रमाणपत्र देणाऱ्याला बुद्ध्यंकाचा आकडा लागतो. त्यामुळे मानके नवी असणे त्याच्यासाठी अटळ आहे. संशोधकाला बऱ्याचदा दोन गटांची किंवा आधी-नंतरची तुलना हवी असते. तिथे मूळ गुण वापरून, आपल्याच नमुन्यावर विश्वसनीयता पुन्हा काढून, जुनी चाचणी प्रामाणिकपणे वापरता येते. फक्त तसे प्रबंधात लिहिले पाहिजे. आमच्या पाहण्यात येणाऱ्या बहुतेक प्रबंधांत चाचणीच्या पुस्तिकेतली विश्वसनीयता तेवढी उतरवून घेतलेली असते, जणू ती चाचणीच्या अंगात कायमची मुरलेली आहे. विश्वसनीयता चाचणीची नसते, त्या गटावर त्या चाचणीने दिलेल्या गुणांची असते. हे प्रत्येक पाठ्यपुस्तकात लिहिलेले आहे. पाठही केलेले असते.

आता ‘कोणाच्या मुलांवर’ हा प्रश्न. आपल्याकडच्या तयार चाचण्यांचा मोठा बाजार हिंदी पट्ट्यात आहे. आग्र्याच्या प्रकाशकांचे कॅटलॉग महाराष्ट्रातल्या कुठल्याही शिक्षणशास्त्र विभागात सापडतात. त्या प्रकाशकांना दोष देऊन भागणार नाही, कारण त्यांनी निदान चाचणी, पुस्तिका आणि उत्तरपत्रिका मिळतील अशी सोय केली. तेवढे काम आपल्या विद्यापीठांनी केले नाही. पण हिंदी चाचणी मार्गदर्शकांच्या ओळखीतल्या एखाद्या भाषाशिक्षकाकडून मराठीत करून घ्यायची आणि मूळ मानके तशीच वापरायची, ही पद्धत टिकणारी नाही. रिचर्ड ब्रिसलिन यांनी १९७० मध्ये उलट-भाषांतराची पद्धत मांडली: एकाने मराठीत करावे, दुसऱ्याने मूळ न पाहता ते परत हिंदीत किंवा इंग्रजीत न्यावे, मग दोन्ही ताडून पाहावे. आपल्या प्रबंधांतून तिचा उल्लेख आता दिसू लागला आहे, ही चांगली गोष्ट. मात्र उलट-भाषांतर उत्तम जुळूनही मराठी विधान मुलाला न कळणारे असू शकते, कारण अवघड, छापील मराठीतून परत मूळ भाषेत जाणे सोपेच जाते. आंतरराष्ट्रीय चाचणी आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांची दुसरी आवृत्ती २०१७ मध्ये आली. भाषा जुळली की काम संपले असे ती मानत नाही. नव्या गटात तो गुणधर्म तसाच अस्तित्वात आहे का, हे आकडेवारीने दाखवा, असे ती सांगते.

हे किती खोलवर जाऊ शकते याचे आम्हाला सर्वांत आवडणारे उदाहरण हरियाणातल्या बल्लभगढचे आहे. वृद्धांमधल्या स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासासाठी १९७५ ची एक प्रसिद्ध अमेरिकी छोटी चाचणी तिथे वापरायची होती. खेड्यातली बहुसंख्य वृद्ध माणसे निरक्षर. मूळ चाचणीत शंभरातून सात-सात वजा करत जायचे, लिहिलेला आदेश वाचून डोळे मिटायचे, एक वाक्य लिहायचे. नुसते हिंदीत उतरवले असते तर निरक्षरतेलाच स्मृतिभ्रंश ठरवले गेले असते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिंदी रूपात संशोधकांनी आठवड्याचे वार उलटे सांगायला लावले, वाचून डोळे मिटण्याऐवजी ‘माझ्याकडे बघा आणि मी करतो तसे करा’ असे सांगितले, आणि वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काहीतरी सांगायला सांगितले. प्रत्येक बदलामागे एकच विचार आहे: मोजायचे काय होते? लक्ष, आकलन, भाषा. लेखन-वाचन मोजायचेच नव्हते. असा विचार करणाऱ्याला मूळ चाचणी मोडण्याचा अधिकार आपोआप मिळतो.

उलट बाजूचे उदाहरण मॉरिस रोझेनबर्ग यांच्या १९६५ मधल्या आत्मसन्मान मापनीचे. दहा विधाने, संशोधनाला मोफत, जगभर वापरलेली. २००५ मध्ये ५३ देशांतल्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मापनी बहुतेक ठिकाणी चालली. पण नकारार्थी रचलेल्या विधानांना वेगवेगळ्या देशांतले लोक सारखा प्रतिसाद देत नाहीत, हेही दिसले. मराठी मुलांपुढे ‘मी काही बाबतींत निरुपयोगी नाही, असे मला वाटत नाही’ अशा थाटाची विधाने ठेवणाऱ्यांनी याची आठवण ठेवलेली बरी.

स्वतः चाचणी करावी, असे म्हणणाऱ्यांची बाजू इथे भक्कम होते. संपादणूक चाचणी तर बहुधा स्वतःच करावी लागते, कारण ती त्या घटकाची, त्या इयत्तेची आणि त्या पाठ्यपुस्तकाची असते. तिथे बाहेरची चाचणी शोधत बसणे चुकीचे आहे. पण वृत्ती, मूल्ये, भावना यांच्या मापनी संशोधक-निर्मित म्हणून पुढे येतात तेव्हा सावध राहावे लागते. पंचवीस विधाने, पाच पर्याय, पाच तज्ज्ञांचे अभिप्राय, आणि क्रॉनबाख यांचा अल्फा ०.७ च्या वर, म्हणजे उत्तीर्ण. ली क्रॉनबाख यांनी १९५१ मध्ये दिलेला हा गुणक विधाने एकमेकांशी किती जुळतात एवढेच सांगतो. एकच गोष्ट दहा वेगळ्या वाक्यांत विचारली तर तो ०.९ सुद्धा येईल. जी गोष्ट मोजतो असे नाव दिले ती मोजली गेली का, याचे उत्तर त्यात नसते. अशा मापनींवर उभे असलेले शेकडो प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात आहेत. त्यांच्यापैकी किती मापनी पुढच्या एखाद्या संशोधकाने पुन्हा वापरल्या, हे कोणीतरी मोजले पाहिजे.

शोधगंगेचे नाव आले तेव्हा वापराच्या हक्काच्या प्रश्नाकडे, म्हणजे चाचण्या खुल्या असाव्यात की कुलपात या वादाकडे वळू. प्रबंध सार्वजनिक झाले, हे संशोधनासाठी फार मोठे पाऊल होते. पण प्रबंधाच्या परिशिष्टात संपूर्ण चाचणी, तीही उत्तरसूचीसह, जोडण्याची आपली जुनी रीत आहे. पूर्वी तो प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात धूळ खात असे. आता तो कोणत्याही मोबाइलवर उघडतो. चाचण्या खुल्या असाव्यात असे मानणाऱ्यांना यात काही गैर वाटत नाही. विज्ञान म्हणजे पडताळणी. साधन लपवले तर पडताळणी कशी करायची? पैसे मोजल्याशिवाय मापनी दिसणार नसेल तर गरीब विद्यापीठातला विद्यार्थी आंधळेपणानेच ती मागवणार. औषधोपचाराचे पालन मोजणाऱ्या मोरिस्की मापनीबाबत जे घडले त्याने या बाजूला बळ दिले: परवाना न घेता ती वापरणाऱ्या संशोधकांकडे नंतर शुल्क मागितले गेले, काही निबंध मागे घ्यावे लागले, आणि ‘सायन्स’ नियतकालिकाने २०१७ मध्ये त्यावर वृत्तांत छापला. बल्लभगढकरांनी आधार घेतलेली ती स्मृतिचाचणीही पंचवीस वर्षे मुक्तपणे वापरली गेली आणि २००१ पासून तिचा परवाना एका प्रकाशकाकडे गेला. डॉक्टरांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली.

कुलूप हवे म्हणणाऱ्यांचे म्हणणेही तितकेच वजनदार आहे. २००९ मध्ये रोर्शाक चाचणीचे सगळे दहा शाईचे ठसे विकिपीडियावर आले तेव्हा मानसतज्ज्ञ खवळले. ठसे १९२१ मधले, रोर्शाक यांचे निधन १९२२ मधले. कायद्याने ते मुक्तच होते. तरी तज्ज्ञांचा आक्षेप हा की एकदा पाहून, उत्तरे वाचून आलेल्या माणसावर ती चाचणी निरर्थक होते. महाराष्ट्रातल्या पालकांना याचे घरगुती प्रमाण ठाऊक आहे. शिष्यवृत्ती परीक्षेतला बुद्धिमत्ता चाचणीचा पेपर मुळात शिकवून न येणारी क्षमता पाहण्यासाठी होता. आज त्याच्या प्रश्नप्रकारांचा सराव वर्षभर करून घेतला जातो, आणि गुणपत्रिकेत बुद्धिमत्तेबरोबर शिकवणीची फीही मोजली जाते. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांनी गिलफर्ड यांच्या बुद्धीच्या प्रतिमानावर आधारलेल्या बुद्धिचाचण्यांवर अनेक वर्षे काम केले; असे काम उघड्यावर पडले तर पुढच्या पिढीला ते शून्यापासून करावे लागेल.

कायदा या वादात फारशी मदत करत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये संशोधनासाठी वाजवी वापराची मुभा आहे. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अभ्याससंचांच्या बाजूने निकाल दिला, म्हणून अनेकांना वाटते की चाचणीचेही तसेच. तो निकाल शिकवण्यासाठी केलेल्या प्रतींचा होता. तीनशे विद्यार्थ्यांना वाटण्यासाठी विक्रीतली उत्तरपत्रिका छापून घेणे त्यात बसते असे मानून चालणे धोक्याचे आहे. आणि कायद्यात बसले तरी ज्याने दहा वर्षे घालवून मापनी केली त्याला दोन ओळींचे पत्र न लिहिता ती वापरणे हे सौजन्यात बसत नाही. आमचा अनुभव असा की बहुतेक लेखक संशोधनासाठी परवानगी लगेच देतात, विद्यार्थी ती मागतच नाहीत.

या दोन टोकांमध्ये आम्हाला एक रेघ दिसते. चाचणीबद्दलची माहिती आणि चाचणीतली पदे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर कुलूप नसावे. चाचणी कोणी केली, केव्हा, किती आणि कोणत्या मुलांवर, कोणत्या भाषेत, विश्वसनीयता किती, सप्रमाणतेचा पुरावा काय, परवानगी कोणाकडे मागायची, हे प्रत्येक संशोधकाला मोफत दिसले पाहिजे. दुसरीच्या बाबतीत भेद करावा: प्रमाणपत्र, प्रवेश किंवा निदान ज्यांवर ठरते त्या चाचण्यांची पदे बंद राहावीत, प्रबंधाच्या परिशिष्टात नमुन्यादाखल दोनतीन यावीत. केवळ संशोधनासाठी केलेल्या आणि विशेषतः सार्वजनिक पैशाने झालेल्या मापनी पूर्ण खुल्या कराव्यात.

हे स्वप्नरंजन नाही. अमेरिकेत ऑस्कर बुरोस यांनी १९३८ मध्ये चाचण्यांच्या परीक्षणांचे पहिले वार्षिक काढले. आज नेब्रास्का विद्यापीठातले त्यांच्या नावाचे केंद्र ते काम चालवते. तिथे चाचणीचे परीक्षण तिच्या लेखकाशी संबंध नसलेले तज्ज्ञ करतात, आणि बरीवाईट मते नावानिशी छापतात. आपल्याकडेही सुरुवात उशिरा झाली नव्हती. एनसीईआरटीने १९६६ मध्ये लुईस लाँग आणि पेरीन मेहता यांचा भारतीय मानसमापनाचा पहिला संदर्भग्रंथ काढला, उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांचा साधनांचा संग्रह १९७४ मध्ये आला, दिल्लीत चाचण्यांचे राष्ट्रीय ग्रंथालयही झाले. मात्र ही कामे हिंदी-इंग्रजीत राहिली, छापील राहिली, आणि मराठी माध्यमात शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या हाताशी कधी आली नाहीत.

खुले आणि नेमके काय असू शकते, याची दोन उदाहरणे मराठीत हजर आहेत. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणाचे वाचनसाधन २००५ पासून वापरात आहे: अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. एका कागदावर मावते, मराठीत आहे, कोणालाही पाहता येते. अर्थात ते ढोबळ पातळी सांगण्यासाठी आहे. एकेका मुलाच्या वाचनदोषाचे निदान त्याने होत नाही, आणि तसा दावा कोणी करूही नये. निदानाकडे नेणाऱ्या पहिल्या पायरीसाठी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ ही साधने हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आणली. शिक्षकाने वर्गातच पहिली चाळणी लावावी, ही त्यामागची कल्पना. मराठी लिपी आणि मराठी वाचन लक्षात घेऊन मुळापासून केलेले असे काम जगात कुठल्याच कॅटलॉगमध्ये शोधून सापडणार नव्हते. ते कोणीतरी करावेच लागले.

याला आक्षेप येईल तो पैशाचा आणि माणसांचा. चाचण्यांच्या माहितीचा असा खुला नोंदकोश चालवायला मानसमापनशास्त्र जाणणारी माणसे लागतात आणि ती आपल्याकडे थोडी आहेत, हे मान्य. पण सुरुवात लहान करता येते. २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची राज्यभर कल चाचणी घेतली गेली. लाखो मुलांवर वापरलेल्या अशा कोणत्याही साधनाची तांत्रिक पुस्तिका प्रत्येक शिक्षकाला सहज मिळावी, एवढी अपेक्षा अवास्तव नाही. राज्यातल्या विद्यापीठांत आजवर झालेल्या मराठी मापनींची नुसती यादी, वर्ष, नमुना आणि संपर्क यांसह, एखाद्या विभागाने दोन सत्रांत करण्यासारखी आहे. आम्हाला तर वाटते की ती यादी करणे हाच एक उत्तम पीएच.डी. विषय आहे. पंचवीस विधानांच्या आणखी एका मापनीपेक्षा नक्कीच उपयोगी.

बदल घडायचा तर तो सिनॉप्सिसच्या बैठकीत घडेल. तिथे विषय, उद्दिष्टे, परिकल्पना, नमुना यांवर तास जातो आणि साधनाला एक ओळ मिळते: ‘अमुक यांची प्रमाणित चाचणी वापरण्यात येईल.’ त्या ओळीवर समितीने थांबावे. ही चाचणी कोणत्या वर्षी, कोणत्या मुलांवर झाली. संशोधकाने ती पूर्ण स्वतः सोडवून पाहिली का. लेखकाची परवानगी हातात आहे का. आपल्या नमुन्यावर तिची विश्वसनीयता पुन्हा काढली जाणार आहे का? उत्तरे नसतील तर प्रस्ताव परत पाठवावा, आणि योग्य चाचणी नाही म्हणून विषय सोडू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला मुलाखत, निरीक्षण, वह्यांचे विश्लेषण अशा दुसऱ्या वाटा दाखवाव्यात. ऊसतोडीवरून परतलेल्या मुलांबद्दल शिक्षिकेला जे जाणून घ्यायचे होते ते गुणांत मावले नाही तरी संशोधनच आहे. विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांना आणि मार्गदर्शकांना आमची विनंती एवढीच की येत्या शैक्षणिक वर्षापासून हे प्रश्न प्रस्तावाच्या नमुन्यातच छापून टाका.